'मेनोपॉज' : एका शब्दाची कुळकथा

प्रजननसंस्थेचा पाठ शिकवताना 'रजोनिवृत्ती' हा शब्द आपण बहुधा एका वाक्यात उरकतो. घरातल्या बायका 'पाळी गेली' म्हणतात, तर डॉक्टर 'मेनोपॉज' म्हणतात. हा डॉक्टरांचा शब्द आला कुठून?

घटना माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अॅरिस्टॉटलने तिची नोंद केली आहे. सुश्रुतसंहितेत तर पाळी बाराव्या वर्षी सुरू होते व पन्नाशीला थांबते, असे वयही दिले आहे. फ्रान्समध्ये या काळाला 'कसोटीचे वय' म्हणत. १८१६ साली शार्ल द गार्दान या फ्रेंच डॉक्टरांनी या वयातल्या स्त्रियांसाठी सल्ल्याचे पुस्तक लिहिले आणि त्यात एक नवा शब्द घडवला. १८२१ च्या आवृत्तीत त्याचे सुटसुटीत रूप आले : 'मेनोपोझ'.

ग्रीक भाषेत 'मेन' म्हणजे महिना आणि 'पाउसिस' म्हणजे थांबणे. गंमत अशी, की हा 'मेन' आणि आपल्या 'मासिक पाळी'तला 'मास' एकाच मुळातून आले आहेत. इंग्रजी 'पॉज'मुळे मात्र तात्पुरत्या विश्रांतीचा भास होतो. इथे थांबणे कायमचे असते.

नावात फक्त रक्तस्राव थांबण्याचा उल्लेख आहे, कारणाचा नाही. कारण अंडाशयात असते. तिथला बीजांचा साठा संपत येतो, तसे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरांनी या बदलाला चक्क 'कमतरतेचा रोग' ठरवले आणि त्यावर संप्रेरकांच्या गोळ्यांचा पुरस्कार केला. पुढे २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. फायद्यापेक्षा धोके जास्त दिसले होते. आज हे उपचार सरसकट दिले जात नाहीत आणि सरसकट टाळलेही जात नाहीत. त्रास, वय आणि प्रकृती पाहून डॉक्टर ते ठरवतात.

शब्दाची आणखी एक अडचण आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही, की मागे वळून 'तेव्हा मेनोपॉज झाला' असे म्हणतात. म्हणजे शब्द एका क्षणाचा, पण बदल कित्येक वर्षांचा. त्या वर्षांत पाळी अनियमित होते, अंगातून वाफा निघतात, झोप मोडते. "अजून पाळी चालू आहे, मग हे कशाने?" असे म्हणत कितीतरी जणी गप्प बसतात.

आपण वर्गात दोन वाक्ये जास्त बोललो, तर त्यांतले एखादे विद्यार्थ्यांबरोबर घरी जाईल आणि आईला उपयोगी पडेल.