क्लाऊडवरील संगणक : वेगवान डिस्क जपून वापरा

महागडा संगणक विकत न घेता लागेल तेवढाच वेळ तो भाड्याने वापरण्याची सोय क्लाऊड सेवांमुळे झाली आहे. ॲमेझॉनची 'ईसी-टू' ही अशी सेवा २००६ मध्ये सुरू झाली. तिच्यात कंपनीच्या मोठ्या सर्व्हरचा एक हिस्सा स्वतंत्र संगणकाप्रमाणे वापरायला मिळतो. त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

मशीन निवडताना प्रोसेसर व मेमरीचा विचार सारेच करतात. मात्र मोठा प्रोग्रॅम कम्पाइल करताना हजारो लहान फायली वाचल्या व लिहिल्या जातात. अशा वेळी डिस्क संथ असेल, तर वेगवान प्रोसेसरही खोळंबून राहतो.

डिस्कचे दोन प्रकार

'ईबीएस' ही नेटवर्कने जोडलेली डिस्क २००८ पासून उपलब्ध आहे. मशीन थांबवले तरी तिच्यातील माहिती टिकते. तिच्या २०२० मध्ये आलेल्या 'जीपी-थ्री' प्रकारात सेकंदाला ३,००० वाचन-लेखन क्रियांचा वेग मूळ दरातच मिळतो. त्याहून अधिक वेगासाठी जादा पैसे मोजावे लागतात.

दुसरा प्रकार 'इन्स्टन्स स्टोअर'. ठरावीक मशीनमध्येच मिळणारी ही डिस्क मूळ सर्व्हरलाच जोडलेली असते. तिच्यातील एनव्हीएमई प्रकार अतिशय वेगवान असतो. मशीन रीस्टार्ट केल्यास तिच्यातील माहिती राहते. मात्र 'स्टॉप' केल्यास ती कायमची नष्ट होते. भाडे वाचावे म्हणून रात्री मशीन थांबवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

मांडणी कशी करावी?

* भारतातील वापरासाठी २०१६ मध्ये सुरू झालेले मुंबई केंद्र सोयीचे ठरते. हवे ते मशीन तेथे उपलब्ध आहे का, हे आधी पाहावे.
* ऑपरेटिंग सिस्टिम ईबीएसवर ठेवावी.
* लॉगिनसाठी एसएसएच की वापरावी आणि २२ क्रमांकाचा पोर्ट केवळ स्वतःच्या आयपी पत्त्यापुरता खुला ठेवावा.
* लिनक्समध्ये 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन नवी डिस्क ओळखावी व मगच ती फॉरमॅट करावी. चुकीची डिस्क निवडल्यास माहिती पुसली जाते.
* वेगवान डिस्कवर कम्पाइलच्या तात्पुरत्या फायली व कॅशेच ठेवावी. सोर्स कोड रोज गिटद्वारे मशीनबाहेर पाठवावा.

मशीन थांबवल्यावर त्याचे भाडे थांबते. ईबीएसचे मात्र चालूच राहते. काम संपल्यावर नको असलेल्या डिस्क हटवाव्यात, त्याआधी स्नॅपशॉट घ्यावा. त्यालाही शुल्क पडते, पण गमावलेले काम पुन्हा करण्यापेक्षा ते परवडते.