मानमोडी

माझी आजी दोन मानमोड्या सांगत असे. एक १९१८ ची, जिने तिचे आजोळ ओस पाडले. दुसरी अधूनमधून येऊन कोंबड्यांची खुराडी रिती करणारी. पहिली इन्फ्लुएंझा, दुसरी राणीखेत. दोहोंचे विषाणू निराळे, पण लोकांनी नाव एकच ठेवले. त्या अडाणीपणाला मी मनात हसत असे.

पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला. माणसांना लागण झाली नाही; पण कोंबड्या लाखांनी मारून खड्ड्यांत पुरल्या. मी तेव्हा शेजारच्या गावी शिक्षक होतो. शेडवर मजुरी करणाऱ्याच्या मुलाने वर्गात विचारले, “गुरुजी, कोंबड्यांना लस नव्हती का?” मी ठामपणे “नाही” म्हणालो.

ते उत्तर चुकीचे होते. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ माणसांना ही लागण होऊन ६ दगावली, तेव्हा तेथेही सरसकट कत्तलच झाली. पण २००३ पासून तेथे कोंबड्यांना लस टोचू लागले. आपल्या सरकारने मात्र कत्तलीचा मार्ग पत्करला होता.

लशीचे खरे मोल चीनमध्ये कळले. मार्च २०१३ मध्ये तेथे एच७एन९ हा नवा विषाणू माणसांत आढळला. कोंबडी धडधाकट दिसे. ती विकत घेणारा मात्र अंथरुणाला खिळे. जिवंत कोंबड्यांचे बाजार बंद केले की साथ ओसरे, हिवाळ्यात पुन्हा डोके वर काढी. पाच हिवाळ्यांत दीड हजारांहून अधिक माणसे आजारी पडली, सहाशेंवर मेली. अखेर सप्टेंबर २०१७ पासून देशभर कोंबड्यांना लस टोचली गेली. त्यानंतर माणसांतले रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. सुई कोंबडीला टोचली, जीव माणसाचा वाचला!

अर्थात लस म्हणजे रामबाण नव्हे. टोचलेली कोंबडीही कधी लक्षण न दाखवता विषाणू बाळगते. विषाणू रूप पालटतो, तशी लसही पालटावी लागते. म्हणून टोचल्यावरही तपासणी सोडता येत नाही. शिवाय, अशा कोंबड्यांत रोग लपलेला असेल या भयाने परदेशी गिऱ्हाईक माल नाकारते. कत्तलीचे समर्थक हेच सांगतात, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही.

तो मुलगा आता कुठे असेल, ठाऊक नाही. भेटला तर उत्तर दुरुस्त करीन. आणि आजीला हसलो, तीही चूकच. तिच्या पिढीने माणसाच्या आणि कोंबडीच्या मरणाला एकच नाव दिले, त्यात अडाणीपणापेक्षा शहाणपण अधिक होते.