खेळत्या हवेचा वॉर्ड

तुम्ही १९२८ मध्ये उभे आहात, मनिलाबाहेर मांडालुयोंगला. अमेरिकी अंमलातलं नवं मनोरुग्णालय समोर आहे. नवऱ्याला पोचवायला आलेली बाई फाटकाशीच थांबते. पुढचं सगळं त्याने एकट्याने काढायचं.

आणखी शंभरेक वर्षं मागे चला. पासिग नदीतल्या बेटावर हॉस्पिसिओ दे सान होसे हे आश्रयगृह. स्पॅनिश आरमारातले मनोरुग्ण खलाशी इथे ठेवतात. चहूकडे पाणी, म्हणजे निसर्ग आहेच. पण तो कुंपण म्हणून वापरलेला.

अजून मागे, स्पॅनिश जहाजं यायच्या आधीची फिलिपिन्समधली विसाया बेटं. निपाच्या झावळ्यांनी शाकारलेलं घर खांबांवर उचललेलं. आत बांबूच्या पट्ट्यांची जमीन, फटी मुद्दाम राखलेल्या. अनवाणी पाऊल टाकलंत की पट्टी जराशी दबते आणि खालचा गार वारा तळव्यांना लागतो. आजारी मुलीचं डोकं आईच्या मांडीवर. बाबायलान, म्हणजे आत्म्यांशी बोलणारी वैदीण, मंत्र म्हणते, आत्म्यांना नैवेद्य दाखवते. शेजारीपाजारी दाराशी दाटलेले. या काळाचे फार गोडवे गाऊ नका, तीव्र आजारावर बाबायलानकडे औषध नाही. पण मुलीला कुणी एकटं टाकलेलं नाही.

आता २०१८ मध्ये या. फिलिपिन्सच्या नव्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार वस्तीपर्यंत न्यायचं ठरवलंय आणि नव्या वॉर्डाच्या इमारतीचा आराखडा तुमच्या पुढ्यात आहे. त्या जुन्या घराची आठवण म्हणून नुसता भिंतींना बांबू चिकटवून भागणार नाही. अंगणाभोवती ठेंगणी घरं काढा. जोती उंच घ्या, पुराचं पाणी येतंच. छप्पर तुफानाला टिकेल असं जखडा. जुन्या घरात खिडकीचं झाप काठीचा टेकू देऊन उघडं ठेवतात. इथे जिवाला धोका होईल असं काही रुग्णाच्या हाताशी नको, तेव्हा पक्क्या बसवलेल्या झडपा लावा, पण हवा खेळती ठेवा. खाटेवरून झाड दिसू द्या. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलंय, की शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले.

आणि सोबतीला येणारं घरचं माणूस, तिथला ‘बांताय’, त्याला व्हरांड्यात पुठ्ठ्यावर झोपवू नका. खाटेशेजारी त्याची जागा धरा, पलीकडे भात शिजवायला लहानसं स्वयंपाकघर. खर्च वाढतो म्हणून कुणीतरी ते खोडेल. तुम्ही पुन्हा काढा.