शरीरात बसवलेली चुंबके आणि चिप्स : रचना व वीजपुरवठा

त्वचेखाली, हाडात किंवा पोटात कायमची ठेवलेली चुंबके व इलेक्ट्रॉनिक उपकरणे. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, पाळीव प्राण्यांच्या मानेतली ओळख-चिप आणि हौशी मंडळी बोटात बसवून घेतात ती चुंबके, हा सगळा गोतावळा यात मोडतो. बघणाऱ्याला अप्रूप चिपचे वाटते. पण चिप बनवणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. घोडे अडते ते ओलावा रोखण्यापाशी आणि वीज पुरवण्यापाशी.

सर्वांत साधा नमुना गोठ्यात सापडतो. वाशीमसारख्या सोयाबीनच्या जिल्ह्यात कुटार आणि कडबाकुट्टीतून निघालेल्या वैरणीबरोबर तारेचे तुकडे, खिळे जनावराच्या पोटात जातात. गाय निवडून खात नाही, गिळते. जड लोखंड जाळीपोट नावाच्या पोटाच्या कप्प्यात साचते आणि हृदय तिथून अगदी जवळ असते. जाळीपोट आकसले की तार पुढे घुसते. म्हणून पशुवैद्यक बोटाएवढे गुळगुळीत चुंबक जनावराला गिळवतात. ते जाळीपोटात बसते, लोखंड स्वतःला चिकटवून घेते आणि सहसा जन्मभर तिथेच राहते. आधी चुंबक दिले आहे का, हे छातीजवळ होकायंत्र धरून कळते. ना शस्त्रक्रिया, ना वीज. त्यामुळे बिघडण्यासारखे फारसे काही नाही.

माणसाच्या कातडीखाली जागा कमी, म्हणून लहान पण जोरकस असे नियोडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक लागते. ते शरीरातल्या खारट द्रवात लवकर गंजते. त्यावर सोने, टायटॅनियम नायट्राइड किंवा पॅरिलीनचा थर देतात. थराला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तरी आतला धातू फुगून चुंबक फुटते. निर्जंतुकीकरणाचीही पंचाईत होते. ऑटोक्लेव्हमध्ये तापमान १२१ अंश सेल्सिअस असते आणि या चुंबकांच्या नेहमीच्या प्रतींचा जोर ८० अंशांच्या पुढे कमी होऊ लागतो. मग इथिलीन ऑक्साइड वायूसारखे थंड उपाय करावे लागतात.

ओळख-चिपने विजेचा प्रश्न टाळलेला आहे. सुमारे १२ मिमी लांब व २ मिमी जाड काचेच्या नळीत एक गुंडाळी आणि एक चिप, बस्स. वाचणारे यंत्र जवळ आणले की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून गुंडाळीत वीज निर्माण होते आणि चिप आपला क्रमांक सांगते. जनावरांसाठी १३४.२ किलोहर्ट्झ ही वारंवारता ठरलेली आहे. रेडिंग विद्यापीठातील केव्हिन वॉरिक यांनी १९९८ मध्ये अशी चिप स्वतःच्या दंडात बसवून घेतली होती. गुंडाळी इवलीशी, म्हणून पल्ला काही सेंटिमीटरच. हरवलेले कुत्रे कुठे आहे, हे ही चिप सांगू शकत नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरहून ज्ञानगंगेपर्यंत भटकलेल्या वाघाचा माग लागला तो गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे, आणि तिला स्वतःची बॅटरी होती.

पेसमेकरमध्ये बॅटरी आतच असते. स्टॉकहोममध्ये ८ ऑक्टोबर १९५८ रोजी बसवलेला पहिला पेसमेकर काही तासच चालला. १९७२ पासून लिथियम-आयोडीन सेल आला आणि आयुष्य वर्षांत मोजले जाऊ लागले. पेसमेकर साधारण १० मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो असे धरले, तर एक अँपिअर-तासाची बॅटरी त्याला अकरा वर्षे पुरते. डिफिब्रिलेटरला हृदयाला विजेचे झटके द्यावे लागतात, म्हणून त्याची बॅटरी लवकर संपते आणि किंमतही फार. मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात अमेरिकेतून आलेली, वापरून काढलेली पण तीन वर्षांहून अधिक बॅटरी शिल्लक असलेली अशी उपकरणे पुन्हा निर्जंतुक करून गरीब रुग्णांना बसवली गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ८१ रुग्णांना १०६ उपकरणे बसवली आणि एकालाही जंतुसंसर्ग झाला नाही.

कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये चुंबक आणि चिप एकत्र येतात. कानामागच्या हाडावर एक चिप, गुंडाळी व चुंबक. तिथून १२ ते २२ टोकांची तार कानातल्या शंखात. बॅटरी आत नाही. बाहेरची कॉइल चुंबकाने डोक्याला चिकटते आणि त्वचेतून वीज व आवाजाची माहिती दोन्ही आत पाठवते. ध्वनीवर अखंड प्रक्रिया करायची, म्हणून लागणारी वीज पेसमेकरच्या सुमारे हजारपट, म्हणजे दोन आकडी मिलिवॉट. एवढी बॅटरी आत ठेवली तर ती वारंवार बदलण्यासाठी डोके उघडावे लागेल. मात्र त्वचा जाड असली की दोन गुंडाळ्यांमधले अंतर वाढते आणि वीज झपाट्याने घटते. बाहेरचे चुंबक जोरदार घेतले तर कातडी दबून जखम होते. हलके घेतले तर खेळताना कॉइल गळून पडते. वीज वाढवली की उष्णता वाढते. प्रमाणांनुसार आतल्या उपकरणाचा पृष्ठभाग शरीरापेक्षा २ अंशांहून अधिक तापता कामा नये.

आतली चिप ज्यात बंद करतात त्या खोक्याचा पेच वेगळाच. टायटॅनियम ओलावा रोखते, पण रेडिओ लहरीही रोखते, म्हणून गुंडाळी खोक्याबाहेर सिलिकोनमध्ये ठेवतात. प्रत्येक टोकाची तार खोक्यातून बाहेर काढताना सिरॅमिकची सीलबंद वाट करावी लागते आणि कारागिरीची कसोटी तिथेच लागते. पूर्वीची सिरॅमिक खोकी लहरी जाऊ देत, पण मूल डोक्यावर पडले की तडकण्याची भीती असे.

भारतात कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने (पद्मश्री, २०१४) अग्रणी आहेत. केंद्राच्या एडिप योजनेत लहान मुलांच्या इम्प्लांटला साहाय्य मिळते. मुंबईचे अली यावर जंग राष्ट्रीय संस्थान तिची समन्वयक संस्था आहे. पण बॅटरी बाहेर ठेवण्याच्या रचनेने देखभालीचे ओझे घरावर टाकले आहे, हे योजनांच्या कागदांत फारसे दिसत नाही. वाशीमच्या खेड्यातल्या आईला रोज चार्जिंग सांभाळावे लागते. झिंक-एअर सेल वापरले तर त्यांना हवेची छिद्रे असतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते आतून सुकतात, पावसाळ्यात ओलावा शोषतात. कॉइलची केबल सारखी तुटते. घामाने भिजलेले ‘मशीन’, म्हणजे बाहेरचा प्रोसेसर, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावे लागते. प्रोसेसर बंद असेल तेवढा वेळ मूल ऐकत नाही, आणि भाषा शिकण्याच्या वयात असे खंड महागात पडतात.

एमआरआयच्या वेळी आतले चुंबक पिळले जाते, सरकूही शकते. पूर्वी त्यासाठी छोटी शस्त्रक्रिया करून ते काढावे लागे. नव्या रचनांत ते आपल्या डबीत फिरून यंत्राच्या क्षेत्राशी जुळवून घेते. सर्वस्वी आत बसणाऱ्या इम्प्लांटवर प्रयोग चालू आहेत. त्यांत बॅटरीइतकाच त्रास मायक्रोफोन देतो: त्वचेखालून त्याला बोलणाऱ्याच्या आवाजाआधी चघळण्याचा आवाज ऐकू येतो.