दाखल आणि खारीज

ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना दाखलखारीज रजिस्टर माहीत असतेच. शाळेतले सगळ्यात जपून ठेवायचे पुस्तक ते. मूल शाळेत आले की नाव दाखल, शाळा सोडून गेले की खारीज. मुख्याध्यापक ते कुलपात ठेवतात. दाखल करण्याचे काम सोपे असते, उत्साहाचेही असते. खारीज करायला मात्र कुणाचा हात लवकर वळत नाही. मग पटावर पन्नास आणि वर्गात तीस अशी अवस्था होते.

आपल्याकडे डॉक्टर-वैद्यांचेही असे रजिस्टर आहे, आणि त्यालाही आता शंभराहून जास्त वर्षे झाली. ते कसे सुरू झाले, त्यात कोण दाखल झाले, कोण खारीज झाले, आणि आमच्या बीड जिल्ह्याला त्याचा काय अनुभव आला, ते आज थोडे सविस्तर लिहितो. विषय कायद्याचा आहे म्हणून कंटाळू नका. तो आपल्या घरातल्या आजारी माणसाचाच आहे.

इंग्लंडात १८५८ साली वैद्यक कायदा झाला आणि तिथे डॉक्टरांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. हिंदुस्थानात ही पद्धत प्रथम मुंबई इलाख्याने आणली, १९१२ च्या बाँबे मेडिकल ॲक्टने. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची नावे एका वहीत लिहायची आणि त्यावर देखरेख करायला मेडिकल कौन्सिल नेमायची, अशी ती व्यवस्था. एक गोष्ट लक्षात घ्या. त्या कायद्याने वैद्य-हकिमांचा धंदा बंद केला नाही. नोंद असलेल्याचा दाखला सरकारदरबारी चालेल, नोकरी त्याला मिळेल, एवढेच ठरवले. बाकी ज्याने त्याने आपल्या विश्वासाने औषध घ्यावे.

मुंबईत हे चालले होते तेव्हा बीड मुंबईत नव्हतेच! आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. जिल्ह्याचे नाव भीर, अंबाजोगाईचे मोमिनाबाद, आणि कचेरीची भाषा उर्दू. संस्थानात युनानीला राजाश्रय होता. हैदराबादेत चारमिनारजवळ निझामिया युनानी रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली. पण खेड्यापर्यंत इमारत पोचत नाही, माणूस पोचतो. आमच्याकडच्या गावात कुणी नाडी पाहणारा वैद्य, कुणी हकीम, एखादा हाडवैद्य आणि एक सुईण असे. त्यांची नोंद कोणत्या वहीत होती? गावाच्या तोंडी! कुणाच्या हाताला गुण आहे, कोण रात्री-बेरात्री उठून येतो, कोण पैशासाठी अडवत नाही, हे सगळ्यांना पाठ असे. या वहीत दाखल व्हायला एक पिढी लागायची. आणि हातून दोन-चार रोगी दगावले की लोक आपोआप जायचे बंद व्हायचे. ती झाली खारीज! पण मधे जे दगावले त्यांचे काय, हे विचारायची सोय या वहीत नव्हती. बाळंतपणात गेलेली बाई ‘देवाच्या मनात होते’ म्हणून गेली, एवढीच तिची नोंद.

मुंबईच्या वहीतून सुरुवातीच्या काळात खारीज झालेल्यांत एक नाव फार बोलके आहे. १९१२ चा कायदा होऊन काही वर्षेच झाली होती. डॉ. पोपट प्रभुराम हे पाश्चात्त्य वैद्यक रीतसर शिकलेले, नोंदणी असलेले डॉक्टर. त्यांचा संबंध वडिलांच्या नावाच्या आयुर्वेद महाविद्यालयाशी होता. तेवढ्यावरून मेडिकल कौन्सिलने त्यांचे नाव वहीतून काढले. रोग्याला अपाय केला म्हणून नव्हे, तर आयुर्वेदाशी सोयरीक ठेवली म्हणून. त्यावर देशी वैद्यकाच्या अभिमान्यांत मोठा क्षोभ झाला. वही रोग्याच्या रक्षणासाठी की एका पंथाच्या प्रतिष्ठेसाठी, हा प्रश्न तेव्हापासून जो उभा राहिला तो आजही पुरता बसलेला नाही.

गंमत अशी की दुसऱ्याला वहीबाहेर काढणाऱ्यांवरही तीच वेळ आली. १९३० साली इंग्लंडच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानातल्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यातून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल ॲक्ट आला आणि आपली देशव्यापी परिषद उभी राहिली. अपमानातून का होईना, एक संस्था जन्माला आली.

आयुर्वेद आणि युनानीवाल्यांना वहीत मानाने जागा मिळाली ती १९३८ साली. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते आणि आरोग्य खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. बाँबे मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट हा त्या वर्षीचा कायदा. त्याने देशी वैद्यकासाठी वेगळी नोंदणी केली आणि नोंद नसलेल्याने हा व्यवसाय करू नये असे तत्त्वही आणले. परीक्षा पास झालेले वैद्य त्या काळी मूठभर. म्हणून पदवी नसली तरी पूर्वीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठी वेगळी यादी ठेवली. हे शहाणपणाचेच होते. उद्यापासून सगळे वैद्य बंद म्हटले असते तर लोकांनी जायचे कुठे?

आम्हाला हे सगळे उशिरा लाभले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मुंबईचा एक कायदा, विदर्भाचा दुसरा, आमचा तिसरा, अशी गोधडी होती. ती शिवून एक केली १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याने. त्याचे ३३ वे कलम महत्त्वाचे : नोंदणी नसलेल्याने वैद्यक व्यवसाय करणे हा गुन्हा. पाठोपाठ १९६५ साली ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा कायदा आला. होमिओपॅथीचा १९५९ चा कायदा होताच.

माझे बालपण नेमके याच काळातले. कायदा झाला हे आमच्या गावाला कळले ते पाट्यांवरून! जो तो नावापुढे अक्षरे लावू लागला. त्यात ‘आर.एम.पी.’ ही अक्षरे सगळ्यांत लोकप्रिय. त्यांचा अर्थ एवढाच की नोंदणीकृत व्यवसायी. नोंद कुठली, शिक्षण काय, ते त्यातून कळत नाही. लोकांना ती मोठी पदवी वाटे. कुणाची नोंद खरी होती, कुणी शहरात एखाद्या डॉक्टराकडे चार वर्षे कंपाउंडरकी करून आलेला असे. लोकांची कसोटी एकच, ‘सुई देतो का?’ जो सुई देतो तो डॉक्टर, जो पुडी देतो तो वैद्य. पुढे सुईची जागा सलाईनच्या बाटलीने घेतली.

इथून पुढे एक नवा गुंता झाला. वह्या तीन, पण औषधाचे दुकान एकच. आयुर्वेदाची पदवी घेतलेले डॉक्टर खेड्यात ॲलोपॅथीची औषधे देत होते, कारण दुसरे कुणी तिथे जायला तयार नव्हते. १९९२ साली राज्य शासनाने त्यांच्यातल्या नोंदणीकृतांना तशी मुभा दिली. होमिओपॅथीला ती नव्हती. त्याच वर्षी मुंबईत एका तापाच्या रोग्याला होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रोगी दगावला. त्याच्या पत्नीने खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या नावाने तो ओळखला जातो. १९९६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की जी पद्धत आपण शिकलो नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा, आणि तसे करणारा भोंदूच समजावा. तीन लाख रुपये भरपाई द्यायला लावली. म्हणजे वहीत नाव असून भागत नाही, ते कोणत्या वहीत आहे हेही पाहावे लागते.

तो वाद मिटला म्हणावे तर तसेही नाही. २०१४ साली राज्याने कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केल्यावर मर्यादित मुभा दिली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ च्या सप्टेंबरात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी राज्यभर संप केला. शंभर वर्षांपूर्वीचे भांडण, फक्त पक्षकार बदलले.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. १९७४ साली अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आम्हाला केवढा अभिमान! आपल्या मातीतली पोरे डॉक्टर होऊ लागली. तालुक्याच्या गावी दवाखाने झाले, खऱ्या पदव्यांच्या पाट्या लागल्या. सगळ्यांना वाटले, प्रश्न सुटला.

पण २०११ च्या जनगणनेने आमची मान खाली गेली. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली फक्त ८०७. राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. या मधल्या मुली भोंदूंनी मारल्या नाहीत. गर्भ पाहण्याचे यंत्र आणि तो पाडण्याची विद्या वहीत नाव असलेल्यांकडेच होती. परळीचे डॉ. सुदाम मुंडे यांच्यावर २०१० साली ‘लेक लाडकी अभियाना’ने गुप्त पाहणी करून प्रकरण उघड केले. तरी दवाखाना चालूच राहिला. १८ मे २०१२ रोजी तिथे गर्भपात करताना एक महिला दगावली, चार मुलींची आई. तेव्हा कुठे राज्य हादरले. त्यांची वैद्यकीय नोंदणी गेली आणि २०१९ साली बीडच्या न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा दिली. पुढे जामिनावर असताना, व्यवसाय करू नये अशी अट असताना, २०२० च्या सप्टेंबरात परळीजवळ रामनगरला ते पुन्हा रुग्ण तपासताना पकडले गेले.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट ही शेवटची आहे. नाव मुंबईच्या वहीतून खोडले गेले होते. कायद्याने ते आता नोंद नसलेले व्यवसायी, म्हणजे गावातल्या कुठल्याही बोगस डॉक्टरासारखेच. पण रुग्ण येतच होते! मुंबईत खोडलेले नाव परळीच्या लोकांच्या तोंडच्या वहीतून खोडले गेलेच नव्हते.

दुसरे उदाहरण ऊसतोड बायकांचे. पिशवीचे ऑपरेशन हा शब्द आमच्याकडे आता लहान मुलांनाही ठाऊक आहे. २०१९ च्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशये काढली गेली. दवाखाने खाजगी, रीतसर नोंदलेले. बाईला दुखते, कामावर खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, आणि डॉक्टर सांगतो की काढून टाकलेले बरे. यानंतर जिल्ह्यात अशा ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. म्हणजे नोंदणीवर आणखी एक पहारा बसवावा लागला.

याचा अर्थ वही निरुपयोगी आहे असा कुणी काढू नये. वही आहे म्हणूनच जाब विचारता येतो. वहीबाहेरच्या माणसाला गावाने टाकले तर तो दुसऱ्या गावी पाटी लावतो. वहीतल्याचे नाव एकदा गेले की कुठेही गेले, निदान कागदावर तरी. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिले आहे की पहिल्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षे आणि पुन्हा ठरला तर कायमचे नाव काढायचे. नोंद नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला १९५६ च्या केंद्रीय कायद्यात फार तर एक हजार रुपये दंड आणि एक वर्ष कैद होती. २०१९ च्या नव्या कायद्यात कैद तेवढीच, पण दंड पाच लाखांपर्यंत गेला. कायदे कमी नाहीत.

कमी पडते ती तक्रार. ज्याने रात्री दोन वाजता दार उघडले, उधारीवर औषध दिले, त्याच्याविरुद्ध कोण लिहून देणार? आणि त्याला बंद केले तर त्या जागी कोण येणार, हा गावाचा प्रश्नही खोटा नाही. सरकारने बोगस डॉक्टर शोधायला समित्या नेमल्या आहेत. त्यांनी एक दुकान बंद केले की त्याच दिवशी तिथे पदवीधर डॉक्टर पाठवता आला पाहिजे. नाहीतर खारीज केलेले नाव आठवड्यात पुन्हा दाखल होते, दुसऱ्या पाटीवर.

आपण काय करायचे? डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठीवर, पावतीवर लिहावा असा २००२ पासून नियम आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की तो वाचा. दिसला नाही तर नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. आणि घरातल्या लेकीसुनांना कुणी ऑपरेशन सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी गावाकडे फोन करताना एवढे जरूर सांगावे.

असो. लेख लांबला. तुमच्या गावच्या जुन्या वैद्यांच्या, हकिमांच्या, सुइणींच्या काही आठवणी असतील तर अवश्य लिहा. त्यांची नोंद कोणत्याच वहीत नाही, निदान आपल्याकडे तरी राहील.