अंबिकेचं आंब्याचं झाड आणि आपल्या शहराचा उन्हाळा



उन्हाळा आला की सगळ्या तक्रारीच करतात. ऊन, घाम, पाण्याची ओढाताण, मुलांच्या सुट्ट्या. तक्रारी खऱ्याच आहेत. आपल्या छत्रपती संभाजीनगरचा वैशाख काही सोपा नाही. तरी वर्षातली बरीचशी मजा आपण याच दोन-अडीच महिन्यांत करतो. कैरीचं पन्हं, आमरस, मैत्रिणींबरोबरचे पापड, गच्चीवरच्या गप्पा, पहाटे उठून काढलेली सहल, सगळं उन्हाळ्यातलंच. ही मजा आपल्या गावात किती जुनी आहे आणि ती कशावर टिकून आहे, याबद्दल आज थोडं लिहिते.

सुरुवात वेरूळपासून करू. वेरूळला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, कैलास लेणं दाखवतो आणि उन्हामुळे तिथूनच परततो. जैन लेणी उत्तरेला थोडी लांब, क्रमांक 30 ते 34. ती बहुतेक नवव्या-दहाव्या शतकातली, राष्ट्रकूटांच्या काळातली. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष आचार्य जिनसेनांचा शिष्य होता, हे आपल्यातल्या अनेकींना स्वाध्यायामुळे माहीत असेल. या लेण्यांतलं 32 क्रमांकाचं लेणं म्हणजे इंद्रसभा. वरच्या मजल्यावर एका टोकाला हत्तीवर बसलेला यक्ष आहे आणि त्याच्यावर वडाचं झाड. लोक त्याला इंद्र म्हणतात, त्यावरूनच लेण्याला हे नाव पडलं. दुसऱ्या टोकाला सिंहावर बसलेली देवी आहे. गाईड तिला इंद्राणी म्हणून मोकळे होतात. ती आपली अंबिका, बाविसावे तीर्थंकर नेमिनाथांची यक्षी. तिच्या डोक्यावरचं झाड नीट बघा. ते आंब्याचं आहे, फळांनी लगडलेलं, फांद्यांत पक्षी बसलेलं.

म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरात कुणा कारागिराने आंब्याचं झाड दगडात कोरलं. तेही नुसतं शोभेसाठी नाही. त्यामागे एक कथा आहे, आणि ती उन्हातल्या एका बाईची कथा आहे.

तिचं नाव अग्निला. घरी श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता. तेवढ्यात महिन्याचे उपवासी मुनी आहारासाठी आले. अग्निलेने त्यांना भक्तीने आहार दिला. ब्राह्मण जेवायच्या आधी अन्न दुसऱ्याला दिलं म्हणून घरातले संतापले आणि नवऱ्याने तिला दोन लहान मुलांसह घराबाहेर काढलं. मुलं तहानेने आणि भुकेने रडायला लागली. वाटेत तळं होतं, पण कोरडं. आंब्याचं झाड होतं, पण वाळलेलं. कथा सांगते की तिच्या दानाच्या पुण्याने तळं पाण्याने भरलं आणि झाडाला आंबे लगडले. मुलं पाणी प्यायली, आंबे खाल्ले. पुढे हीच अग्निला अंबिका झाली. कथेचे पाठ वेगवेगळे आहेत, नावंही थोडी बदलतात, पण भरलेलं तळं आणि फळलेला आंबा बहुतेक ठिकाणी भेटतो.

मला या कथेत दरवेळी एक गोष्ट जाणवते. त्या आईला सोनंनाणं मिळालं नाही. मिळालं ते पाणी, सावली आणि मुलांच्या हातात आंबा. आपण उन्हाळ्याचं साधं सुख म्हणतो ते हेच तर आहे. आणि हे सुख एका दानातून आलं, हे आपल्या पूर्वजांनी दगडात लिहून ठेवलं.

आता वेरूळहून शहरात येऊ. तेव्हा इथे खाम नदीकाठी खडकी नावाचं गाव होतं. 1610 मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने इथे नगर वसवलं. हा माणूस मूळचा इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे दख्खनचा कारभार पाहणारा. शहर वसवायचं तर आधी पाणी हवं, हे त्याने ओळखलं. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालून बांधीव नळाने गावात आणलं. कुठे पंप नाही, रहाट नाही. उंचावरून सखल भागाकडे पाणी आपोआप वाहत यायचं. मधे मधे सफाईसाठी तोंडं ठेवलेली आणि दाब सांभाळायला उंच बांधीव खांब. हीच नहर-ए-अंबरी. पुढे मोगल काळात आणि त्यानंतरही शहरात आणखी नहरी झाल्या. जमिनीखालून येणारं हे पाणी उन्हात तापत नसे आणि बाष्प होऊन उडूनही जात नसे. उन्हाळ्यासाठी याहून शहाणी योजना कोणती?

या नहरींपैकी एक आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, पंचक्कीची. बुखारा भागातून आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात ती आहे. पाणचक्की तुर्कताज खान या सरदाराने बांधवली. डोंगरातून आलेलं पाणी भिंतीतून वर चढतं आणि हौदात कोसळतं. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. मोठ्या हौदाच्या खाली एक दालन आहे. दालनाचं छत म्हणजेच हौदाचा तळ. वर पाणी भरलेलं, त्यामुळे भर दुपारी आत गारवा. सुट्टीत मुलांना तिथे नेलं की मुलं माशांकडे आणि पडणाऱ्या पाण्याकडे बघत बसतात. आपण तेवढीच वडाच्या सावलीत टेकतो.

त्या जात्याकडे बघताना मला मात्र आपल्या आज्या आठवतात. आपल्याकडे पिठाची मर्यादा पाळतात. हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. म्हणजे उन्हाळ्यात दर पाच दिवसांनी ताजं दळण. घरोघरी गिरणीचं पीठ येण्याआधी हे सगळं हाताने, पहाटे, धान्य निवडून आणि जातं झाडूनपुसून. एकटीने ओढायचं ते काम नव्हे. शेजारीण समोर बसली की जातं हलकं व्हायचं आणि मनही. उन्हाळ्यातले पापड, शेवया, मुगाचे सांडगे यांचंही तेच. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. लाट्या एकीने करायच्या, लाटायच्या चौघींनी, उन्हात घालायचं काम मुलींकडे. सगळं उरकायचं ते सूर्यास्ताच्या आत, कारण नंतर जेवण नाही. म्हणून आपल्याकडे मैत्रिणींची बैठक संध्याकाळच्या जेवणानंतर, उजेड असतानाच गच्चीवर सुरू होते. रात्रीभोजन त्यागामुळे आपल्याला उन्हाळ्याची ती निवांत संध्याकाळ मिळते, हे कधी लक्षात आलंय का?

पाण्याचंही तसंच. आपल्या घरात पाणी गाळूनच वापरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जुन्या पद्धतीतला पुढचा भाग आता फार थोड्या जणींना ठाऊक असतो. गाळल्यावर गाळण्यात राहिलेल्या सूक्ष्म जीवांना जिवाणी म्हणतात. गाळणं गाळलेल्या पाण्याने उलटं धुवायचं आणि ती जिवाणी जिथलं पाणी, तिथेच परत सोडायची. विहिरीचं पाणी असेल तर बादली पाण्याच्या पातळीपर्यंत खाली नेऊन हळूच उलटी करायची, वरून ओतायची नाही. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत नाही. हे करायचं तर आपलं पाणी कुठून येतं, हे घरातल्या बाईला रोज ठाऊक असावं लागे. विहीर आटली, गढूळ झाली, तर सर्वांत आधी तिला कळे.

आज नळ सोडला की पाणी येतं, तेही अनेक भागांत काही दिवसांआड. ते येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून. या धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. म्हणजे गोदावरीचं पाणी वीज खर्चून, चढावर, कितीतरी किलोमीटर लांबून आपल्या टाकीत येतं. आणि पायाखालच्या चारशे वर्षांच्या नहरी रस्त्यांच्या आणि इमारतींच्या कामांत ठिकठिकाणी फुटल्या, बुजल्या. पंचक्कीचा हौदही एखाद्या उन्हाळ्यात कोरडा पडतो. जिवाणी परत कुठे सोडायची, हा प्रश्न आता विचारायलाही जागा उरलेली नाही. मला वाटतं, पाण्याशी असलेलं आपलं नातं इथेच तुटलं. पाणी तुपासारखं वापरावं असं आपण मुलांना शिकवतो, पण ते तूप कोणत्या गाईचं हे आपल्यालाच सांगता येत नाही.

म्हणून या सुट्टीत मुलांना घेऊन चार ठिकाणी जा, असं मी सुचवेन. खर्च फारसा नाही.

एक, वेरूळ. मंगळवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा. सकाळी लवकर निघा आणि थेट जैन लेण्यांकडे जा. अंबिकेसमोर मुलांना बसवून तिची गोष्ट सांगा. दगडाच्या गारव्यात मुलं शांत ऐकतात. डोंगरावर पार्श्वनाथ भगवंतांची मोठी मूर्ती आहे, तिचं दर्शनही घ्या.

दोन, पंचक्की. पण फक्त मासे दाखवून परत येऊ नका. पाणी कुठून येतं, वर कसं चढतं, जास्तीचं कुठे जातं, हे मुलांनाच शोधायला लावा.

तीन, हिमायत बाग. दिल्ली दरवाजाजवळची ही मोगलकालीन बाग, आता तिथे फळ संशोधन केंद्र आहे. तिथली जुनी आंब्याची झाडं बघितली की लक्षात येतं, आंबा म्हणजे फक्त पेटी नव्हे. हल्ली आपल्या मराठवाड्याच्या केशरला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण गावरान रायवळ आंबा चोखून खाण्याची मजा मुलांना कळायला हवी. सदरा खराब झाला तर होऊ दे.

चार, पैठण. आधी मुनिसुव्रतनाथ भगवंतांचं दर्शन, वाळूची म्हणून प्रसिद्ध असलेली ती मूर्ती. मग नाथसागराच्या काठावर उभं राहून मुलांना सांगा, आपल्या माठातलं पाणी इथलं आहे. उन्हाळ्यात पाणी किती मागे गेलंय, ते त्यांना डोळ्यांनी दिसेल.

घरी आल्यावर पन्हं करा. कैरी उकडून, गूळ आणि वेलची घालून, गाळलेल्या पाण्यात. आमरसात चिमूटभर सुंठ आणि चमचाभर तूप. आलं आपल्याला चालत नाही, पण वाळलेली सुंठ चालते, आणि आमरस पचवायला ती हवीच. अक्षय तृतीयेला उसाचा रस प्याल तेव्हा मुलांना भगवान ऋषभदेवांची आठवण करून द्या. वर्षाहून अधिक काळ त्यांना आहार मिळाला नव्हता, कारण मुनींना आहार कसा द्यायचा हेच लोकांना माहीत नव्हतं. कुणी हत्ती देई, कुणी रत्नं. शेवटी हस्तिनापुरात श्रेयांस राजाने उसाचा रस दिला. वैशाखातल्या उन्हात ओंजळभर रस. आपल्या परंपरेत दानाची सुरुवात तिथे झाली.

बघा ना, अग्निलेची कथा दानाची, श्रेयांस राजाची कथा दानाची, पंचक्कीचं पीठही वाटसरूंसाठीच. उन्हाळ्यात जो गारवा मिळाला, तो कुणीतरी कुणालातरी दिला म्हणून मिळाला. आपल्या महिला मंडळांच्या पाणपोया त्याच रांगेतल्या. यंदा पाणपोईवर नुसतं नाव लावून थांबू नका. आठवड्यातला एक दिवस मैत्रिणींनी वाटून घ्या, माठ घासा, पाणी गाळून भरा, येणाऱ्याला आपल्या हाताने द्या. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणीही रोज बदला, नाहीतर त्यात जीवोत्पत्ती होऊन दयेच्या जागी हिंसाच घडते.

आणि एक काम आपल्या आज्यांकडचं. तुमच्या घरात किंवा वाड्यात पूर्वी पाणी कुठून यायचं, नहरीचं की विहिरीचं, जिवाणी कुठे सोडायचे, हे घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारून वहीत लिहून ठेवा. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आपण मंदिरातले ग्रंथ बाहेर काढतो, पुसतो, नवं वेष्टन घालतो. धरसेनाचार्यांकडून पुष्पदंत आणि भूतबली यांनी ऐकलेलं ज्ञान लिहून ठेवलं गेलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. आज्यांचं ज्ञान त्या मानाने लहान, पण तेही लिहिलं नाही तर दोन-चार उन्हाळ्यांत जाईल. श्रुतपंचमीच्या आधी प्रत्येकीने एक पान तरी लिहा. मंडळात एकत्र वाचू, पन्हं माझ्याकडून.

जय जिनेंद्र.