अहमदपूर, मुंबई आणि दिल्ली

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, अहमदपूर तालुक्याचे राज्य बदलले. तोवर हा तालुका हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके बीदरपासून तोडून मुंबई राज्यात घातले व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले. खुद्द बीदर म्हैसूरकडे गेले. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला आणि अहमदपूर त्यात आले.

ह्या दोन बदलांत फरक आहे. राज्याची सीमा दिल्लीने आखली, जिल्ह्याची मुंबईने. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद साध्या बहुमताने राज्य मोडू शकते, जोडू शकते. त्या राज्याच्या विधिमंडळाने फक्त मत कळवायचे, ते संसदेवर बंधनकारक नाही. अमेरिकेत राज्याच्या संमतीवाचून त्याचे तुकडे पाडता येत नाहीत. आपल्याकडे असे का? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की, हे संघराज्य घटक राज्यांच्या करारातून जन्मलेले नाही, म्हणून कोणालाही त्यातून फुटून निघता येणार नाही. त्याच भाषणात त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचीही हजेरी घेतली, हे विसरू नये. सत्ता जितकी खाली उतरेल तितकी लोकशाही वाढेल असे आपली पाठ्यपुस्तके सांगतात. पण खाली म्हणजे कोणाच्या हाती, हे विचारत नाहीत. १९५५ साली भाषिक राज्यांविषयी लिहिताना बाबासाहेबांना हीच चिंता होती. एका भाषेच्या राज्यात एकच मोठी जात सत्ता बळकावील आणि विखुरलेल्या लहान जातींना दाद राहणार नाही, ही ती चिंता. म्हणून त्यांनी मराठी मुलखाचे चार भाग सुचवले. ते कोणी ऐकले नाहीत.

परंतु केंद्र बलवान म्हणजे दलितांचा तारणहार, असे मानणेही भाबडेपणाचे आहे. अनुसूचित जातींची यादी कलम ३४१ खाली राष्ट्रपती काढतात आणि नंतर तीत फेरफार फक्त संसद करू शकते. राज्याला एक नाव घालता येत नाही, एक नाव काढता येत नाही. १९५० च्या आदेशात हिंदूंखेरीज इतर धर्माच्या माणसाला या यादीत जागा नव्हती. काही शीख जातींचा तेवढा अपवाद होता, आणि १९५६ साली शिखांसाठी दार पुरते उघडले. ज्याने धम्मदीक्षा घेतली तो दिल्लीच्या लेखी अनुसूचित राहिला नाही. जणू धर्म बदलल्याबरोबर गावाने त्याला पाणवठ्यावर बोलावले होते! १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतल्या सवलती बौद्धांना दिल्या. अखत्यारीतल्याच; त्यापुढे तिचा हात पोचत नव्हता. त्यामुळे अहमदपूरच्या बौद्ध मुलाला शाळेत व राज्याच्या नोकरीत सवलत होती, टपाल खात्यात आणि रेल्वेत नव्हती. विधानसभा राज्याची खरी, पण तिथली राखीव जागा घटनेने दिलेली. तीही त्याला नव्हती. पुष्कळांनी दाखल्यावर ‘हिंदू महार’ तसेच राहू दिले, ते ह्यामुळे. त्यांना दोष देणाऱ्यांनी हा कायदा आधी वाचावा. १९९० साली संसदेने दुरुस्ती केली. मध्ये चौतीस वर्षे, म्हणजे एक अख्खी पिढी गेली.

याच यादीच्या आत उपवर्ग पाडता येतात का? २००४ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, राज्यांना तो अधिकार नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहाविरुद्ध एक मताने तो निर्णय फिरवला. मातंग समाजाच्या मागणीची दिशा त्यामुळे दिल्लीकडून मुंबईकडे वळली आहे.

अत्याचाराच्या बाबतीत सत्तेची वाटणी आणखी विचित्र आहे. कलम ३५ प्रमाणे अस्पृश्यतेच्या गुन्ह्याला शिक्षा ठरवण्याचा अधिकार संसदेचा. राज्याला तो नाही. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था मात्र राज्यसूचीत. दिल्लीने ठरवलेला गुन्हा नोंदवायचा राज्याच्या फौजदाराने, आणि फौजदाराला गावची हकीकत सांगणार पोलीस पाटील. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. तेव्हा १९५५ चा केंद्रीय कायदा पुस्तकात होता, १९७६ ची कडक दुरुस्तीही होती. जाळणाऱ्याला अडवायला जो माणूस दारात उभा राहायला हवा होता, तो राज्याचा नोकर होता.

विद्यापीठ विधिमंडळाच्या कायद्याने चालते, तेव्हा नाव देण्यास दिल्लीची आडकाठी नव्हती. तरी पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले. लातूर जिल्हा त्यात गेला. अहमदपूरच्या महाविद्यालयातून आज जो विद्यार्थी पदवी घेतो, त्याच्या पदवीपत्रावर बाबासाहेबांचे नाव नसते.